खाली पारवा होता

मला चुकीचं विमान सहन होत नाही. चुकीची माणसं मी रोज ऑफिसात सहन करते, त्याचा पगार मिळतो. पण शेपटीवरचा आकडा जरा तिरका लागलेलं विमान घरात असेल, तर मला जेवण जात नाही. अनुराग, माझा नवरा, याला आजार म्हणतो. लग्न करताना त्याला हा आजार दाखवला होता, तेव्हा आता तक्रार करायची नाही.

मी नोएडाला राहते, सकाळी मेट्रो पकडून दिल्लीला मिनिस्ट्रीत जाते आणि सुट्टीच्या दिवशी लढाऊ विमानांच्या लहान प्रतिकृती बनवते. प्लास्टिकचे सुटे भाग एका डब्यात येतात, त्याला किट म्हणतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. लोक विचारतात, "अच्छा, खेळणी बनवता?" अशा माणसाला मी दुसऱ्यांदा चहाला बोलावत नाही. खेळणं कसंही असलं तरी चालतं. प्रतिकृती म्हणजे एक ठरावीक विमान, एका ठरावीक दिवशी जसं होतं तसं. त्यामुळे माझा एकच नियम आहे, पुरावा नाही तर रंग नाही. फोटो दाखवा, कागद दाखवा, मग मी ब्रश उचलते. कपाटातल्या माझ्या प्रत्येक विमानापुढे एक छोटं कार्ड असतं आणि त्यावर संदर्भ लिहिलेले असतात. मला त्या कार्डांचा विमानांइतकाच अभिमान आहे.

आमच्याकडे विजूआत्या राहते. विजयालक्ष्मी हे तिचं पूर्ण नाव, माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचा नवरा जयंत हवाई दलात पायलट होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो हंटर विमान घेऊन गेला आणि परत आला नाही. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. आत्या भावाकडे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तिने केंद्र सरकारची नोकरी धरली, आणि पुढे मला आणि माझ्या भावाला, सुधन्वाला, तिनेच वाढवलं. आईला तक्रार नव्हती, आई स्वतः नोकरीला जायची. लहानपणी पालमला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की आत्या हातातलं काम टाकून गच्चीत यायची आणि मान वर करून उभी राहायची. मला विमानांचं वेड तिथेच लागलं असावं. पण जयंतकाकांचं विमान मी कधी बनवलं नव्हतं. ती कधी म्हणाली नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल. परत येताना कॅबमध्ये ती फ्लायओव्हर उतरताना म्हणाली, "संपदा, जयंतचं विमान करशील का गं? मला दिसतंय तोवर."

मी हो म्हटलं, आणि घरी येऊन आधी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग कामाला लागले.

किट मागवलं. आत्याकडे एकच फोटो होता. कॉकपिटला लावलेल्या शिडीवर जयंतकाका उभे, हातात हेल्मेट, तोंडभर हसू. काळापांढरा फोटो, पण त्यात नाकाजवळचा आकडा स्पष्ट दिसत होता. वरच्या हिरव्या आणि करड्या पट्ट्यांची वळणं दिसत होती. शिडी कुठल्या बाजूला लागायची, काचेचं झाकण कसं सरकायचं, सगळं दिसत होतं. त्या फोटोवरून मी वरची बाजू केसाकेसाने बसवली. चाकं ठेवायच्या खोबणीतल्या नळ्या तारेच्या बनवल्या, दिवाळीची अख्खी सुट्टी त्यांतच गेली. खालची बाजू फोटोत नव्हती. किटच्या सूचनापत्रात खाली चंदेरी रंग द्या असं होतं. छापील कागद म्हणजे पुरावा. मी चंदेरी दिला.

एका रविवारी मी आत्याला सगळं समजावून सांगितलं. "बहुतेक सगळं मिळालंय मला. आता तुला काही आठवत असेल तर सांग."

ती लगेच म्हणाली, जणू कोणी विचारायचीच वाट बघत होती. "खाली पारवा होता. बाकी काही राहिलं तर राहू दे. तो मात्र हवा."

आमच्या घरात पारवा कोण हे सांगायला नको. नवव्या मजल्यावर राहतो, बाल्कनीला जाळी लावलेली आहे, तरी कुठूनतरी आत शिरतात आणि एसीच्या मागे अंडी घालून बसतात. आम्ही दिल्लीत वाढलेले, आम्ही कबूतर म्हणतो. आत्या साताऱ्याची, ती पारवा म्हणते. "मेल्या पारव्यांनी पुन्हा घाण केली गं," हे ऐकून माझी सकाळ सुरू होते.

"पोटावर होता?" मी विचारलं.

"पोटावर, पंखांखाली, पार शेपटीपर्यंत."

"एवढा?"

"एवढा म्हणजे? सगळीकडेच होता."

"आणि कसा होता, सांगता येईल?"

"आता पारवा कसा असतो? पारव्यासारखा. बघ की बाल्कनीत जाऊन."

मी बाल्कनीत जाऊन बघितलं. जाळीपलीकडे एक महाशय बसले होते, त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. हंटरच्या अख्ख्या पोटावर पंख पसरलेलं कबूतर, त्याचे पंख विमानाच्या पंखांखाली, त्याची शेपटी विमानाच्या शेपटीखाली. असं विमान जगात कोणी बनवलेलं नव्हतं.

पण नियम म्हणजे नियम. पुरावा हवा.

आमचा प्रतिकृतीवाल्यांचा क्लब आहे. त्यातले सगळ्यांत जाणते सभरवाल साहेब, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी पुस्तकांचं एक कपाट फक्त भारतीय विमानांचं आहे. मी त्यांना कबुतराचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कबूतर? हंटर के पेट पर? बेटा, बाज़ कहतीं तो मैं मान लेता। लड़ाई पर जा रहा है जहाज़, चिट्ठी देने थोड़ी।"

तरी बिचाऱ्यांनी पुस्तकं काढली. दोन रविवार आम्ही भिंग घेऊन बसलो. पोटाखालचे फोटो मुळात थोडे, आणि जे होते ते काळेपांढरे. कबूतर कुठेच नव्हतं. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या दोन-तीन वयस्कर पायलटांना फोन लावले. एक जण इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी इंटरनेटवरच्या जगभरच्या मंडळींना विचारलं, तिथेही माझं हसंच झालं.

घरात अनुरागला तर विषयच मिळाला. "यार संपदा, तुमचं कबूतर लापता आहे. एफआयआर करूया का?" त्याला मी उशी फेकून मारली. सुधन्वा गुरुग्रामहून आला होता, तो मात्र हसला नाही. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे नॉर्मल नाहीये. आत्याचं वय बघ. एकदा न्यूरोला दाखवून घेऊ. डोळे जातायत ते वेगळं, पण डोकंसुद्धा काही दुसरंच दाखवत असेल तर?"

"तिचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं," मी म्हटलं. पण रात्रभर तेच वाक्य कानात राहिलं.

शेवटी मी आत्याला सांगितलं. काय करणार? खोटं बोलून कबूतर काढणं माझ्याच्याने झालं नसतं, आणि न सांगता वगळलं असतं तर तिने विचारलंच असतं. "आत्या, सगळीकडे शोधलं. पारवा कुठेच सापडत नाहीये. कुणालाच आठवत नाही."

ती मटार सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मग नसेल," ती म्हणाली.

"नसेल म्हणजे? तुला तर पक्कं आठवतंय ना?"

"मला पक्कं आठवतंय असं मला वाटतं. पन्नासावर वर्षं झाली गं. माणूस मनाने जोडत जातं. तू नको काढूस. जे खरं असेल तेच कर."

मला वाटलं विषय संपला. संपला नव्हता. दोन-तीन दिवसांनी मी भेंडी चिरत होते. एरवी भेंडी दिसली की आत्याचं ठरलेलं असे, "जयंतला भेंडी बघवायची नाही." ते ऐकून ऐकून आम्हांला पाठ झालं होतं. त्या दिवशी ती म्हणाली, "जयंतला भेंडी..." आणि थांबली. "आवडायची नाही. का आवडायची? जाऊ दे."

त्यानंतर तिने त्याचं काही सांगणंच सोडलं. सांगितलं तरी मागे लावायची, "असं मला वाटतं हं. खरं-खोटं काय ठाऊक." एकदा तर मला म्हणाली, "तो पारवाच जर नव्हता, तर मी इतकी वर्षं धरून बसले ते सगळं कशावरून होतं?"

मला माझीच चीड आली. मी एका विमानाचा पुरावा मागायला गेले आणि या बाईचा नवराच तिच्या हातातून सुटायला लागला. डोळे जाणार हे ठरलेलंच होतं. आतलं तेवढं तिचं राहणार होतं, आणि त्यालाच मी हात घातला होता. मी ठरवलं, पारवा शोधायचाच. सभरवाल हसोत, सुधन्वा न्यूरोला नेवो, हवाई दलात एक तरी कबूतर असणार आणि ते मी काढणार.

पुढच्या शनिवारी मी आत्याला कॅबमध्ये घातलं आणि पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथे खरं हंटर आहे. मी विमानाभोवतीच्या दोराला लागून सरळ जमिनीवर आडवी झाले आणि पोटाखाली मान घातली. शाळेची सहल आली होती, मुलं माझ्याभोवती जमली. शिपाई धावत आला. "मैडम, उठिए, तबीयत ठीक है?" मी त्याला म्हटलं, तब्येत ठीक आहे, कबूतर शोधते आहे. तो वर छताकडे बघायला लागला.

आत्याही वाकली. आता तिला समोर बघून दिसत नसे, म्हणून तिने मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून विमानाचं पोट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"छे," ती म्हणाली. "हा पारवा नाही."

"नाहीच ना," मी कपडे झटकत म्हटलं. "इथेही नाही."

"नंतर दुसरा दिला असेल. नाहीतर माझंच चुकत असेल." आणि ती दाराकडे चालायला लागली. दुसरा दिला असेल म्हणजे काय, हे विचारायचंही मला सुचलं नाही. कबुतराने माझं डोकं इतकं व्यापलं होतं.

मग थंडी एकदम उतरली. दिल्लीत ती अशीच येते, आधी धूर, मग धुकं, मग एका सकाळी हातपाय गारठतात. मी आत्याच्या खोलीतला दिवाण उघडला, रजया काढायला. आत्या खुर्चीत बसून सूचना देत होती. जाड रजई मला, पातळ अनुरागला, ती फाटकी कोणालाच नको. मी एकेक बाहेर काढत होते.

"आता काढतेच आहेस तर बघ," ती म्हणाली, "खाली पारवी असेल."

माझा हात रजईतच राहिला. "खाली कोण असेल?"

"पारवी गं. सुती. जुन्या चादरीत बांधलेली आहे."

"आत्या, पारवी म्हणजे... कबुतराची मादी?"

"मादी काय मादी! साडी. पारव्या रंगाची साडी."

मी दिवाणाच्या कडेवर बसले. "पारवा हा रंग आहे?"

"मग? पारवा, आमसुली, अबोली, मोतिया... तुला रंग ठाऊक नाहीत?"

"आम्ही ग्रे म्हणतो."

"ग्रे म्हणजे करडा. पारवा वेगळा. त्यात निळं असतं." असं म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलत गेला. तिने मान वळवून कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. "संपदा. तू इतके दिवस काय शोधत होतीस?"

"कबूतर," मी म्हटलं. "पंख पसरलेलं."

ती हसायला लागली. आत्याला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. खुर्चीचे हात धरून, पाय आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "विमानाला पक्षी चिकटवणार होतीस! अगं, सभरवालांना... त्या शिपायाला... देवा!" मीही हसत होते आणि हसता हसता रडत होते. अनुराग धावत आला, त्याला काही सांगता येईना. शेवटी तो कपाळाला हात लावून परत गेला.

हसू ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणजे मला बरोबर आठवत होतं," ती म्हणाली.

"बरोबर आठवत होतं. अक्षरन् अक्षर."

"आणि भेंडी त्याला आवडायची नाही."

"अजिबात नाही."

जुन्या चादरीतून साडी निघाली. घड्यांवर पांढुरक्या रेघा पडल्या होत्या, रंग पार विटला होता. आत्याने ती मांडीवर घेतली आणि मला सांगितलं. लग्नानंतर हवाई दलाच्या तळावरच्या क्वार्टरमध्ये ती नेसली होती. जयंतने बघितलं आणि म्हणाला, अरे, माझं विमान खालून अगदी असं आहे, तुझ्या साडीचं. पारवं दिसलं की मी समज आणि हात कर. "आता सगळ्यांचीच विमानं खालून तशी. त्या सकाळी चार गेली, चारही पारवी. ओळखणार कशी? मी चौघांनाही हात केला." तिने साडीची घडी सरळ केली. "परत आली तेव्हाही केला. तीन होती."

मी तिचा हात धरून बसले. मग, मी काय माझा स्वभाव सोडणार आहे, मी हळूच साडीची खालची कड उलटी केली. आतल्या बाजूला फॉल लावलेला होता. काठाला बळकटी यावी म्हणून शिवतात तो कापडाचा पट्टा. पन्नास वर्षं त्याच्या आतल्या कापडाला ना उजेड लागला होता ना साबण. मी कात्रीच्या टोकाने दोन-चार टाके उसवले. आत तो होता. करडा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर करडा, आणि उजेडात धरला की किंचित जांभळी झाक. रोज सकाळी मी ज्याला शिव्या घालते त्याच्या छातीवरचा रंग.

सभरवालांना मी फोन केला. ते आधी दोन मिनिटं हसले. मग गंभीर झाले. "देखो, किट में सिल्वर लिखा है। किताबें कुछ और कहती हैं, कुछ कहती ही नहीं। मगर साड़ी कोई रेफ़रेन्स नहीं होती, बेटा।"

"सर, जिन्होंने जहाज़ देखा, उन्होंने साड़ी देखकर कहा कि यही रंग है। और वो जहाज़ उड़ाते थे। आपकी किताब में किसी पायलट की गवाही है?"

ते मग म्हणाले, "रंग दिन की रोशनी में मिलाना। बल्ब में मत मिलाना।"

चंदेरी रंग मी खरवडून काढला. खाली लावलेली चिन्हंही त्याच्याबरोबर गेली, ती पुन्हा मागवली. मग रंग मिसळायला बसले. करड्यात निळा, निळ्यात थेंबभर जांभळा, मग जरा पांढरा. नोएडाच्या हिवाळ्यात दिवसाचा उजेड म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. सूर्य दिसतो तो हळदीच्या पाण्यातून. त्या पिवळ्या उजेडात सगळे रंग खोटे बोलतात. वारा सुटून धूर गेला अशा दुपारची मी वाट बघायची, ऑफिसातून अर्धी रजा टाकायची. बॉसला कारण सांगितलं, घरात आजारपण आहे. अनुराग म्हणाला, हे मात्र खरं बोललीस.

प्लास्टिकच्या पट्टीवर रंगाचा ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, फॉलच्या आतल्या कापडाशेजारी धरायचा. नाही. पुन्हा. एकदा जमला, तर वाळताना त्यात हवेतली धूळ बसली आणि तो खरखरीत झाला. तो घासून काढला. आत्या शेजारी बसलेली असायची. मी पट्ट्या तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यापाशी धरायची. "निळा जास्त झाला." "आता मळका झाला." "हा तर तुमचा ग्रे." तिचा तो 'तुमचा ग्रे' ऐकून मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. तिचा आवाज परत आला होता. पण दर आठवड्याला मला पट्टी आणखी जरा कडेला धरावी लागत होती, हेही माझ्या लक्षात येत होतं. घाई करायची नव्हती आणि उशीर तर मुळीच करायचा नव्हता.

एका दुपारी मी पट्टी साडीवर ठेवली आणि ती मलाच दिसेना. आत्याकडे धरली. तिने पट्टी हातात घेऊन गालाला लावली.

विमान तयार झालं तेव्हा मी ते तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. माझं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम. चाकांवर उभं, काचेचं झाकण उघडं, शिडी लावलेली, फोटोत होती तशीच्या तशी. आत्याने मान वळवून बघितलं. बोटांनी शिडी चाचपली. "किती बारीक केलंयस गं. छान झालंय."

'छान झालंय' कोणी कसं म्हणतं ते मला कळतं. शेजारच्यांच्या मुलाचा निकाल ऐकून म्हणतात तसं ती म्हणाली होती.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही चुकलं नाही."

"आत्या. काय चुकलं?"

तिला सांगायला जड जात होतं. "चुकलं नाही गं. मी ते असं कधी पाहिलंच नाही."

"म्हणजे? तळावर जवळून दाखवलं असेल ना त्यांनी?"

"बायकांना कुठे आत सोडत होते? शिडी फोटोत बघितली तेवढीच. मी क्वार्टरच्या गच्चीवर. ते वरून जायचं. मी खाली उभी असायची."

मी टेबलावरच्या विमानाकडे बघितलं. चाकांवर उभं होतं ते, आणि इतक्या खटपटीने मिळवलेला पारवा टेबलाकडे तोंड करून पडला होता. ती बाई पहिल्या दिवसापासून सांगत होती, बाकी काही राहिलं तर राहू दे. तिला खरंच बाकी काही नको होतं.

मी पक्कड आणली. अनुराग म्हणाला, "अगं, थांब, काय करतेस?" मी थांबले नाही. पुढचं चाक तोडलं. मग मागची दोन्ही. त्यांच्या नळ्या बनवण्यात माझी दिवाळी गेली होती, त्या तुटताना बारीक आवाज झाला. शिडी काढली, झाकण लावून टाकलं. चाकांच्या खोबणींवर दारं चिकटवली, फटी भरल्या, घासल्या आणि दारांवरून पुन्हा पारवा मारला. याला दोन आठवडे गेले. हे कोणत्याही फोटोत नव्हतं. हवेतलं, खालून बघितलेलं विमान, त्याचा फोटो कोणीही काढला नव्हता.

पाठीवर एक बारीक कडी बसवली. आत्याच्या खोलीत छताला जुना हूक आहे, पाळण्यासाठी ठेवलेला आणि कधी न वापरलेला. अनुराग स्टुलावर चढला आणि त्याने नायलॉनच्या दोऱ्याने विमान त्यावर टांगलं. मी कपाटातल्यासारखं कार्ड लिहिलं आणि खालच्या भिंतीवर चिकटवलं. विमानाचं नाव, आकडा, आणि संदर्भ: विजयालक्ष्मी, खालून.

आत्या पारवी साडी नेसली होती. विटलेली, घड्यांवर पांढऱ्या रेघा असलेली. मी तिला खोलीच्या मधोमध आणून उभं केलं आणि दोन पावलं मागे सरले. तिने मान वर केली, समोरून काही दिसलं नाही. मग तिने चेहरा हळूच डावीकडे वळवला, आणखी थोडा, आणि थांबली.

पंख्याचा वारा नव्हता, तरी विमान दोऱ्यावर किंचित वळलं.

आत्याने हात वर केला आणि हलवला. जोराने, खांद्यापासून, गच्चीवरून करतात तसा.